नव्या सरपंचांनो, मागच्या सभेच्या उत्तरांपासून सुरुवात करा

ग्रामसेवक म्हणून माझी सगळी नोकरी सभेच्या टेबलाच्या एका कडेला, प्रोसिडिंगचं रजिस्टर पुढ्यात घेऊन गेली. आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण खुर्ची तीच. सरपंच बोलत असताना लोकांचे चेहरे आणि लोक बोलत असताना सरपंचांचा चेहरा, दोन्ही या खुर्चीवरून सारखेच दिसतात. म्हणून नव्याने निवडून आलेल्या सरपंचांसाठी आणि सदस्यांसाठी हे लिहितो आहे. गावकऱ्यांच्याही उपयोगाचं थोडं शेवटी आहे.

नव्या सरपंचांची पहिली तक्रार ठरलेली असते, "लोक ग्रामसभेला येतच नाहीत." पारावर बसलं की दुसरी तक्रार ऐकू येते, "जाऊन उपयोग काय?" यातली दुसरी हे पहिलीचं कारण आहे. लोक आळशी म्हणून घरी बसत नाहीत. ते कधीतरी आलेले असतात, धीर करून उभे राहून बोललेले असतात. त्या बोलण्याचं पुढे काय झालं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मजुरी बुडवून आलेल्या माणसाच्या बाबतीत असं एकदा झालं, की तो पुन्हा येत नाही. त्यामुळे पंचायत आणि गाव यांच्यातला संवाद सुधारायचा असेल, तर आधी बोललेल्या माणसापर्यंत उत्तर पोचवायला शिका. भाषण, बॅनर, व्हॉट्सॲप हे सगळं नंतरचं.

सभेचा पहिला अर्धा तास

सभा सुरू होते, मागचं इतिवृत्त कोणालाही ऐकू जाणार नाही अशा वेगाने वाचलं जातं, "मंजूर आहे का?" "मंजूर!" आणि गाडी पुढे. ही पद्धत आजच बंद करा. इतिवृत्त वाचायचंच आहे, तर त्यातला एकेक प्रश्न घ्या आणि त्याचं काय झालं ते सांगा. ज्यांनी विचारला होता त्यांचं नाव घ्या. "शांताकाकू, तुम्ही गटारीबद्दल विचारलं होतं," असं सरपंचांनी म्हटलं की शांताकाकू तर सरसावून बसतातच, शेजारच्या चार जणीही कान देतात. आपलं नाव वहीत आहे आणि ती वही कोणीतरी उघडली, एवढं लोकांना कळणं फार मोलाचं असतं.

उत्तर चारच प्रकारचं असू शकतं. काम झालं. होणार आहे, अमुक तारखेपर्यंत. होणार नाही, कारण हे. आणि चौथं, हे पंचायतीच्या हातात नाही, ज्यांच्या हातात आहे त्यांना पत्र दिलं, त्याचा जावक क्रमांक आणि तारीख ही. यात न बसणारं उत्तर देऊ नका. "बघू", "करून घेऊ", "वरून निधी आला की" हे शब्द तोंडात आले तर थांबा आणि विचार करा, की आपण चारपैकी नक्की काय म्हणतो आहोत.

चौथ्या उत्तराकडे विशेष लक्ष द्या. गावातल्या निम्म्या तक्रारींवर पंचायतीचा थेट अधिकार नसतो. रेशनकार्ड तहसीलचं, जळालेलं रोहित्र वीज कंपनीचं, गावाला जोडणारा रस्ता बहुधा जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा. लोकांना हे वाटप ठाऊक नसतं आणि असायची गरजही नाही. त्यांच्या लेखी सरकार म्हणजे सरपंच. म्हणून "ते आमच्याकडे येत नाही" एवढं बोलून हात झटकू नका. पत्र द्या, जावक क्रमांक घाला, पत्राची प्रत फलकावर लावा आणि पुढच्या सभेत उत्तर आलं की नाही ते सांगा. काम तुमच्याकडून होणार नसेल, पाठपुरावा तर होईल. तो लोकांना दिसू द्या.

तिसरं उत्तर, म्हणजे स्पष्ट "नाही", सगळ्यात अवघड जातं. निवडून आलेल्या माणसाच्या जिभेवर ते येतच नाही. पण माझा अनुभव असा, की कारणासकट मिळालेला नकार गाव पचवतं, लटकलेला होकार पचवत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी घ्या. २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी त्यातला ६० टक्के वाटा बंधित होता, म्हणजे निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याच्या पाण्यासाठीच खर्च करायचा. अबंधित राहिला ४० टक्के. वस्तीवरच्या माणसाला सिमेंट रस्ता हवा असतो आणि पंचायतीच्या खात्यात पैसे दिसत असतात, मग त्याला वाटतं की मुद्दाम डावललं. त्याला आकडे फळ्यावर मांडून दाखवा. एकूण आले इतके, पाण्यासाठी राखीव इतके, स्वच्छतेसाठी इतके, मोकळे उरले इतके, आणि त्यात रस्ता बसत नाही. तो नाराज होईल, पण तुम्ही पैसे दडवले असं म्हणणार नाही.

बोलावणं कसं द्यायचं

कायद्याने आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या रूढ तारखा. नोटीस सात दिवस आधी निघते, कार्यालयाच्या फलकावर चिकटते आणि तिथेच पिवळी पडते. कार्यालयात कामाला आलेल्यांनाच ती दिसते, आणि त्यांना सभेची तारीख तशीही माहीत असते.

नोटीस माणसांच्या वाटेवर न्या. पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र, रेशन दुकान, शाळेचं फाटक, एसटीचा थांबा. घंटागाडी असेल तर तिच्या भोंग्यावरून दोन दिवस आधी आणि आदल्या संध्याकाळी सांगा. मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्यांसाठी त्या भागाच्या सदस्याने स्वतः फेरी मारावी. ही फेरी टाळू नका. सभेत न बोलणारा माणूस स्वतःच्या ओट्यावर बसून तुम्हाला सगळं सांगतो.

विषयपत्रिकेवर सरकारी भाषेतले विषय असतातच, ते ठेवावेच लागतात. पण प्रत्येकाखाली एक ओळ गावाच्या बोलीत लिहा. "वार्षिक आराखड्यास मान्यता देणे" याखाली "येत्या वर्षी कोणती कामं करायची, कोणती राहतील, ते ठरवायचं आहे" असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, आपण गेलो नाही तर आपलं काम राहणाऱ्यांच्या यादीत जाईल.

वेळेबद्दल माझं ठाम मत आहे. झेंडावंदनानंतर लगेच सभा घेतली की शाळेची पोरं आणि चार पुढारी यांच्यापलीकडे कोणी नसतं. सुगीत दुपारची सभा म्हणजे लोकांनी येऊ नये अशी सोय. चार ही किमान संख्या आहे. महत्त्वाचा विषय असेल तर पाचवी, सहावी विशेष सभा संध्याकाळी, शेतातून माणसं परतल्यावर घ्या, आणि उजेडाची व्यवस्था आधी बघा.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती भरली नाही म्हणून नंतर घरोघर वही फिरवून सह्या घेण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी आहे. ती सरळ फसवणूक आहे आणि तिची गरजही नाही. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब करा. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. खोटी सही घेतलेल्या घरातला माणूस तुमच्या कुठल्याच कागदावर पुन्हा विश्वास ठेवत नाही. पुढे त्या घराशी काय संवाद करणार?

महिला सभा कागदावर उरकू नका

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, अशी तरतूद ग्रामपंचायत अधिनियमाच्या सातव्या कलमातच आहे. बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरमध्ये होते. माझ्या मते पंचायतीला सगळ्यात खरी माहिती मिळण्याची जागा हीच.

एका गावातली गोष्ट सांगतो. पाण्याची ओरड होती आणि पंचायतीने मोठ्या टाकीचा प्रस्ताव तयार करायला घेतला होता. त्या आधीची महिला सभा अंगणवाडीत दुपारी भरवली. एक मजुरीला जाणारी बाई म्हणाली, "पाणी येतं हो, पण कधी येतं ते कळत नाही. थांबले तर रोज बुडतो, गेले तर हंडा रिकामा." मग बाकीच्या बोलू लागल्या. कुणाकडे पहाटे येतं, कुणाकडे अकराला, मोटर जळली की दोन दिवस काहीच नाही, आणि हे कोणी कळवत नाही. टाकीचं नाव एकीनेही काढलं नाही. त्यांना वेळ हवी होती.

त्या आठवड्यात पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला बोलावून गावाचे भाग पाडले, वाराप्रमाणे वेळा ठरवल्या आणि प्रत्येक भागात भिंतीवर रंगाने लिहिल्या. वेळ चुकणार असेल तर आदल्या रात्री कळवायचं हे त्याच्या कामात धरलं. खर्च म्हणाल तर रंगाच्या डब्याचा. टाकीचा प्रस्ताव पुढे गेलाच, ती लागणारच होती. पण पाण्यावरून होणारी भांडणं त्या भिंतींनी कमी केली.

ही सभा नीट व्हावी म्हणून काही गोष्टी पाळा. कार्यालयात न घेता अंगणवाडीत, शाळेत किंवा बचत गट जिथे बसतो तिथे घ्या. वेळ बायकांनाच विचारा. लिहून घ्यायला त्यांच्यातलीच कोणी असू द्या, बचत गटाच्या सचिवांना लिहायची सवय असते. पुरुष सदस्यांनी दाराशी घुटमळू नये. आणि इथे झालेले ठराव मुख्य ग्रामसभेत पहिल्यांदा घ्या, शेवटी ढकलू नका.

याला जोडूनच एक. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, तरी सरपंच ताई आणि उत्तरं देणार त्यांचे यजमान, हे चित्र अजून दिसतं. इथे सचिवाने, म्हणजे ग्रामसेवकाने, कणखर राहावं. प्रश्न आला की "सरपंचताई, आपण सांगा" असं म्हणून त्यांच्याकडेच वळावं. आकडा लागला तर कागद त्यांच्या हातात द्यावा. यजमानांना लोकांत बसायला जागा करून द्यावी, तेही मतदार आहेत. दोन-तीन सभांत ताई बोलू लागतात आणि मग गावातल्या बाया थेट त्यांच्या दारी जायला लागतात.

मोठ्याने बोलणारे, आणि अजिबात न बोलणारे

प्रत्येक सभेत एक जण आवाज चढवतो. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला खाली बसवूही नका. त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि वाचून दाखवा, "भाऊ, मी असं लिहिलंय, बरोबर आहे का?" बहुतेक वेळा आवाज तिथेच उतरतो. त्याला लढाई करायची नसते, आपलं म्हणणं वहीत जाईल की नाही याची त्याला शंका असते. विरोधी गटाचा माणूस तर पंचायतीचे कागद पुष्कळदा सदस्यांपेक्षा नीट वाचून आलेला असतो. अशा माणसाला एखाद्या कामाच्या अभ्यासगटात घ्या.

अभ्यासगट ही कल्पना गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडून घेण्यासारखी आहे. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही या गोंड गावाची घोषणा. देवाजी तोफा तिथले नेते, आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी या गावासोबत दीर्घकाळ काम केलं. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर आणि त्यातल्या बांबूवर गावाचा हक्क, मिळाला. लोकांना तो हक्क आणि बांबू लक्षात राहतो. मला लक्षात राहते त्यांची पद्धत. चर्चा आणि अभ्यास आधी अभ्यासगटात होतो, तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, तोही सर्वसहमतीने. म्हणजे सभेत बसायच्या आधीच लोकांना विषय कळलेला असतो आणि हात वर करून अल्पमताला हरवायचं नसतं. मोठ्या, गटातटाच्या गावात सर्वसहमती जमेलच असं मी म्हणणार नाही. पण विषय सभेत पहिल्यांदा कानावर पडू नये, एवढं कुठल्याही गावाला जमेल.

न बोलणाऱ्यांसाठी पेटी ठेवतात, तिला कुलूप लागतं आणि किल्ली हरवते. त्यापेक्षा कार्यालयात तक्रार नोंदवही उघडी ठेवा. नोंद झाली की आवक क्रमांक लिहिलेली चिठ्ठी हातात द्या. ज्याला लिहिता येत नाही त्याचं शिपायाने लिहून घ्यावं आणि वाचून दाखवून मग अंगठा घ्यावा.

पैसा आणि पाणी उघड्यावर मांडा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तिथले सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या काळात तिथे पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत पडली. किती पाऊस झाला ते मोजायचं, गावाच्या वाट्याला किती पाणी आलं याचा हिशेब करायचा, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात कोणती पिकं घेता येतील ते ग्रामसभेत ठरवायचं. कमी पावसाच्या वर्षी शेतकऱ्यांना आवर घालायला सांगणं सोपं नसतं. तिथे ते शक्य होतं, कारण आकडा सगळ्यांसमोर असतो.

पैशाचंही तसंच करा. अर्थसंकल्प नमुना १ मध्ये असतो, रोकडवही नमुना ५ मध्ये, पण हे नमुने गावकऱ्याला वाचता येत नाहीत. एका मोठ्या कागदावर तीन रकाने पाडा. आले, गेले, उरले. दर तीन महिन्यांनी नवा कागद कार्यालयाच्या बाहेरच्या भिंतीवर लावा. घरपट्टी, पाणीपट्टी किती जमली आणि तिचं काय केलं हे त्यात वेगळं दाखवा. वसुलीला गेल्यावर "आमच्या पट्टीचं करता काय?" हा प्रश्न येतोच, त्याचं उत्तर भिंतीवर तयार असू द्या.

हे सगळं तसंही गुप्त नाही. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पंचायतीचा आराखडा आणि खर्च कोणीही मोबाइलवर बघू शकतो. माहिती अधिकार कायदा २००५ चा. १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत माहिती द्यावीच लागते, आणि त्याच कायद्याचं चौथं कलम सांगतं की बरीचशी माहिती कोणी मागण्याआधीच प्रसिद्ध करा. गावच्या पोराने मोबाइलवर आकडा दाखवून सरपंचांना सभेत विचारावं आणि सरपंचांनी सचिवाकडे बघावं, ही वेळ येऊ देऊ नका.

व्हॉट्सॲपचं थोडक्यात. एकच अधिकृत ग्रुप ठेवा, ज्यात फक्त पंचायत संदेश टाकेल. शुभेच्छा, फोटो, सत्कार त्यात नकोत, नाहीतर पाण्याची सूचना त्यात बुडते. संदेश असा लिहा: "खालच्या आळीची मोटर आज सकाळी जळाली. दुरुस्तीला दिली आहे. परवा सकाळपर्यंत पाणी येणार नाही. तोवर शाळेजवळच्या हातपंपाचं पाणी घ्यावं. उद्या संध्याकाळी सहाला पुन्हा कळवू." आणि उद्या सहाला खरंच कळवा, नवीन काही नसलं तरी. ज्यांच्याकडे असा फोन नाही त्यांच्यासाठी हाच मजकूर फळ्यावर लिहा. ग्रुपवर झालेली चर्चा म्हणजे ग्रामसभा नव्हे, तिथले अंगठे म्हणजे ठरावाची मंजुरी नव्हे.

गावकऱ्यांसाठी

तुमच्या बाजूनेही थोडी तयारी हवी. सभेत "रस्ता करा" म्हणू नका, "मारुतीच्या देवळापासून पुलापर्यंतचा रस्ता" असं म्हणा. कामाची जागा नेमकी असली की टोलवाटोलवी करता येत नाही. प्रश्न आधी लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. जन्म-मृत्यूचे दाखले, नमुना ८ चा (घराच्या कर आकारणीचा) उतारा अशा कामांसाठी सभेची वाट बघू नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे आणि न मिळाल्यास अपील करता येतं. सेवा आणि मुदतींची यादी कार्यालयात लावलेली असायला हवी. नसेल तर ती मागा.

सभा संपताना

लोक उठायच्या आधी सचिवाने त्या दिवशीचे ठराव मोठ्याने, सावकाश वाचावेत. सूचक कोण, अनुमोदक कोण, शब्द काय. दुरुस्ती तिथल्या तिथे होऊ द्या. ठरावांमध्ये कोऱ्या ओळी सोडू नका, कोऱ्या जागेत नंतर काय भरलं जातं हे गावाला चांगलं माहीत असतं. मग आलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख लिहा. "पंचायत बघेल" असं लिहिलं तर कोणीच बघत नाही.

आठ दिवसांत या प्रश्नांची यादी फलकावर लागली पाहिजे, उत्तर मिळालेलं असो वा नसो. महिनाभरात ज्या प्रश्नाला चारपैकी एकही उत्तर देता आलं नाही, त्या माणसाच्या घरी त्या वॉर्डच्या सदस्याने जावं आणि काम कुठे अडलं आहे ते सांगावं. कुठल्या तारखेला कोणाच्या घरी गेलो, हेही त्याच यादीत लिहावं. पुढच्या सभेचा पहिला अर्धा तास त्या यादीवरूनच चालवायचा आहे.